उरलेले दाणे घरासाठी

माझी भावजय वोन्तो दाणे निवडायला बसली की तिची बोटं आणि तोंड एकदमच चालू व्हायचं. आधी शेंगा चाळायच्या, मग सोलायच्या, मग दाणे निवडायचे. भरीव गुलाबी दाणा एका टोपलीत. सुरकुतलेला, काळवंडलेला, किड्यानं टोकरलेला, हिरवट भुरी चढलेला दुसऱ्या टोपलीत. पहिली टोपली वखारीवर विकायला जायची. दुसरी घरी राहायची, उखळात कुटली जायची आणि दोमोदात, म्हणजे दाण्याच्या कुटाच्या रश्श्यात, पडायची. गावातल्या सगळ्या बायका हेच करायच्या. वोन्तो ते सगळ्यांत नीट करायची, म्हणून माझी आई तिला चारचौघांत नावाजायची, "एक दाणा वाया घालवत नाही माझी सून."

तिचा नवरा यांकुबा माझा धाकटा भाऊ. आमच्या सितातेंदा गावात कुस्तीला उतरला की ढोल वाजवणारे आधी त्याच्याकडे बघायचे. लग्नानंतर कुस्ती सुटली, पण भूक तीच राहिली. सकाळी दाण्याचं कूट घातलेली तांदळाची पेज, दुपारी दोमोदा, संध्याकाळी ओट्यावर चहा उकळत बसायचं तेव्हा खिशातून भाजलेले दाणे. आमचं आडनाव दांफा; आम्हा दांफांना पाहुणे खादाड म्हणून चिडवायचेच, "दांफांच्या घरात शिरायचं तर आधी भांड्यावर झाकण घाला!" यांकुबा हसून म्हणायचा, "झाकण कशाला, भांडंच इकडे द्या."

चाळिशीच्या अलीकडेच त्याच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. नांगराचा धक्का बसला असेल म्हणून त्यानं तेल चोळून घेतलं. मग जेवण जाईना. दंड बारीक झाले, गालफडं बसली, आणि पोट मात्र वाढत गेलं, एखाद्या गरोदर बाईसारखं. मौलवींकडून ताईत आणले, ते दंडावर बांधले. दंड आणखी बारीक झाला तसे ते ताईत कोपरावर घसरायला लागले. शेवटी फेरीबोटीनं नदी ओलांडून त्याला राजधानीच्या मोठ्या इस्पितळात नेला. डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं. यकृताचा कॅन्सर, म्हणाले, आणि तो फार पुढे गेलाय. जाता जाता त्यांनी वोन्तोला विचारलं, "घरी शेंगदाणे खूप खाता का?"

ती म्हणाली, "खातो की. आमचंच पीक आहे."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे वळले. त्यांच्या दाराशी रांग होती, त्यांना दोष नाही. पण तो प्रश्न वोन्तोच्या डोक्यात कुसळासारखा रुतून बसला. पेरणीचे दिवस यायच्या आत यांकुबा गेला. दफन झालं, लोक येऊन गेले, आणि सुतकातली पांढरी वस्त्रं नेसून बसलेली वोन्तो मला सारखी विचारायची, "वन्सं, डॉक्टरांनी दाण्यांचं का विचारलं असेल हो?"

मला काय माहीत असणार?

सांगितलं ते आमच्या नर्सबाईंनी, सोना बोजांगनी. वोन्तोची धाकटी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. तिला लस द्यायला आम्ही दवाखान्यात गेलो होतो. आंब्याखाली बाकावर बसल्या बसल्या वोन्तोनं तो प्रश्न विचारला. सोनाबाई आधी टाळत होती. मग हातातली पेटी बंद करून तिच्याजवळ येऊन बसली.

"दाणे ओले राहिले की बुरशी धरते," ती म्हणाली. "ती बुरशी दाण्यात विष सोडते. ते दिसत नाही. भाजून पुरतं जळत नाही, उकळूनही जात नाही. पोटातून ते यकृतात येतं. आता यकृताचं काम काय? नको असलेलं धुऊन बाहेर घालवायचं. पण हे विष तेलकट, पाण्यात विरघळत नाही. म्हणून यकृत त्याचं रूप बदलायला जातं, लघवीवाटे निघून जावं म्हणून. आणि नेमकं त्या बदलण्यातच ते विष खवळतं. पापणी लवते तेवढा वेळ, पण तेवढ्यात समोर येईल त्याला जाऊन चिकटतं."

"कशाला चिकटतं?"

"पेशीत आत एक लिखाण असतं. पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं, सगळं त्यात असतं. त्याला चिकटतं. यकृत बरंचसं विष वेळेवर धरतं, बांधून बाहेर टाकतं. लिखाणही दुरुस्त करतं. पण रोज, वर्षानुवर्षं खाल्लं तर कधीतरी एक चूक दुरुस्त व्हायची राहते. 'थांब' असं जिथं लिहिलंय तेच बिघडतं. मग ती पेशी थांबत नाही."

वोन्तो तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे यकृत हात बांधून गप्प बसलं असतं, तर माझा नवरा वाचला असता?"

"तसं नाही गं—"

"तसंच आहे. जे राबतं तेच मरतं. आमच्याच घरासारखं."

"अजून एक आहे," सोनाबाई म्हणाली. "इस्पितळाच्या कागदावर लिहिलंय, यांकुबाच्या रक्तात काविळीचा विषाणू होता. बहुतेक लहानपणापासून. त्यानं यकृताच्या पेशी सारख्या मरतात आणि नव्या उगवतात. नव्या उगवताना जुनी चूकही उतरत जाते. विष आणि विषाणू दोघं एकत्र आले की धोका कितीतरी पटींनी वाढतो. तू तेच खाल्लंस, पण तुझ्या रक्तात तो नसेल."

वोन्तोची मुलगी मांडीवर चुळबुळत होती. वोन्तोनं तिला पदराआड घेतलं आणि ती मध्येच थांबली. "हे विष दुधात उतरतं?"

सोनाबाईनं खाली बघितलं. "थोडं उतरतं. पण पाजायचं थांबवू नकोस. दुधावाचून पोर आधी जाईल. तू काय खातेस ते बदल."

वोन्तोनं मुलीला छातीपासून दूर केलं. मुलगी रडायला लागली. बराच वेळ तिनं तिला तशीच हातांवर धरून ठेवली, आणि मग परत जवळ घेतली.

सुतक संपल्यावर वडीलधाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे ठरवलं की यांकुबाच्या पाठच्या भावानं, देम्बोनं, तिच्याशी निकाह करावा. देम्बो म्हणजे गोड बोलणारा आणि कुठल्याच कामाला घाई नसलेला माणूस. वोन्तो म्हणाली, "करते. पण आधी यानं रक्त तपासून घ्यायचं."

ओट्यावर हशा पिकला. देम्बो म्हणाला, "मेहेर म्हणून रक्त मागणारी नवरी पहिल्यांदाच बघतोय!"

"थेंबभरच मागतेय. तुझ्या भावाचं सगळंच गेलं."

मग कुणी हसलं नाही. देम्बोनं रक्त दिलं. त्याच्याही अंगात तोच विषाणू निघाला. एकाच आईच्या पोटची भावंडं, नवल नव्हतं. यकृत अजून बरं होतं. पण रोज एक गोळी, आणि दर सहा महिन्यांनी नदीपलीकडे जाऊन पोट तपासायचं. देम्बोनं हे सगळं मान डोलावून ऐकलं आणि बाहेर पडल्यावर म्हणाला, "मला काही होत नाहीये, मग गोळी कशाला?" तरी निकाह झाला, आणि तिथून जो झगडा सुरू झाला तो आजही चालू आहे.

त्या वर्षी शेंगा उपटून शेतात रचल्या आणि अवेळी पाऊस आला. गंज्या आतून कोमट झाल्या, शेंगांना कुबट वास धरला. वोन्तोनं दाणे निवडले आणि दुसरी टोपली घरात आणलीच नाही. कुंपणामागे खड्डा खणून त्यात ओतली, वर माती लोटली. माझी आई दारात उभी राहून बघत होती.

"वेड लागलंय हिला," आई मला म्हणाली. "अन्न पुरतेय."

"आई, ते अन्न नाही," वोन्तो म्हणाली.

"माझ्या आजीनं हेच खाल्लं. म्हातारी होऊन मेली."

"आणि तुमचे दीर? तुमचा भाऊ? पोट फुगूनच गेले ना ते?"

"त्यांना करणी झाली होती."

आता याच्यावर काय बोलणार? विड्यात विष घालून कुणी मारलं असतं तर गाव काठ्या घेऊन धावलं असतं. हे विष आज खायचं आणि वीस-तीस वर्षांनी मरायचं. तोवर कोण कुणाला धरणार? वोन्तो बायकांना सांगत फिरली. पाणवठ्यावर सांगितलं, भातखाचरात वाकून लावणी करताना सांगितलं, बारशाला गेली तिथं लोकांच्या भांड्यात डोकावून सांगितलं. बायका "हो बाई, हो" म्हणायच्या आणि घरी जाऊन तेच कुटायच्या.

वखारीवरच्या खरेदीदाराशीही तिची जुंपली. मी बरोबर होते. त्यानं पोतं तपासून खराब माल बाजूला काढला आणि तिच्यापुढे सरकवला. "हे घरी न्या, मावशी. हे चालत नाही. परदेशात तपासतात, एवढीशी बुरशी निघाली तरी माल परत येतो."

"आणि इथं कोण तपासतं?"

"इथं कशाला तपासायचं? हे काय विकायला चाललंय?"

"म्हणजे त्यांच्या पोटाला जे चालत नाही ते माझ्या पोरांच्या पोटाला चालतं?"

तो बिचारा गांगरला. "मावशी, मी फक्त वजन करतो. मीही घरी हेच खातो." आणि त्यानं खरंच पुढ्यातला एक सुरकुतलेला दाणा उचलून तोंडात टाकला. वोन्तो कपाळाला हात लावून खालीच बसली.

मग तिनं बदकं आणली. डोळ्यांनी दिसल्याशिवाय या लोकांना पटणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. सोनाबाईनं कधीतरी म्हटलं होतं की बदकाची पिल्लं या विषाला फार नाजूक असतात. वोन्तोनं एकाच विणीची पिल्लं दोन खुराड्यांत ठेवली. एकीकडे चांगले दाणे कुटून घातले, दुसरीकडे बुरशीचे. गावाला सांगितलं, या आणि बघा. पहिले काही दिवस पोरं तेवढी आली. मग दुसऱ्या खुराड्यातली पिल्लं खायची थांबली, मान टाकून बसली, पाय ताणून एकेक मरायला लागली. पहिल्या खुराड्यातली चिवचिवत होती. आता मात्र गाव जमलं. बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. वोन्तोचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. तिनं मेलेलं एक पिल्लू हातात घेतलं, सुरीनं पोट चिरलं आणि फिकट, सुजलेलं यकृत सगळ्यांना दाखवलं.

"बघितलंत? आता सांगा, काय करायचं?"

गावचे मुखिया पुढे झाले. नीट वाकून बघितलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाई बरोबर सांगतेय. आजपासून बदकांना खराब दाणे कुणी घालू नका."

आणि सगळे मान डोलावत आपापल्या घरी गेले.

वोन्तो हातात पिल्लू घेऊन तशीच उभी. मला हसू आवरेना आणि तिची दयाही येत होती. "वन्सं, हसा, हसा," ती म्हणाली. "माझा नवरा बदक असता तर वाचला असता."

पुढचा पावसाळा आला. पेरणी झालेली, जुनं धान्य संपलेलं, नवं यायला अवकाश. दरवर्षीचे उपासमारीचे दिवस. त्या वर्षी ते जास्तच लांबले. घरात तांदूळ तळाला गेला. एका सकाळी वोन्तो कुंपणामागे गेली तर खड्डा उकरलेला. माझी आई तिथंच बसून मातीतून दाणे वेचत होती. लपूनछपून नाही, अगदी उघडपणे, पुढ्यात सूप घेऊन.

"आई! काय करताय?"

आईनं मान वर केली नाही. "पोरांना रात्री पाणी पाजून झोपवलंस. आज काय पाजणार आहेस?"

घरातून धाकटीचं किरकिरणं ऐकू येत होतं.

"तुझ्या त्या विषानं माणूस तीस वर्षांनी मरतो ना?" आई म्हणाली. "भुकेनं या महिन्यात मरतो. मला आधी हा महिना पार करू दे."

मग वोन्तो पुढ्यात बसली, सूप स्वतःकडे ओढलं आणि त्यातल्या त्यात बरे दाणे निवडायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं चालू होती. ज्यात जरा जीव होता ते ठेवले, हिरवे-काळे परत खड्ड्यात टाकले. मूठभर निघाले. ते तिनं स्वतः कुटले आणि पोरांना पेजेत घालून दिले. देम्बो "आज पेज छान झालीये" म्हणाला तेव्हा तिनं हातातली पळी फेकून मारली.

पण त्या दिवसापासून तिनं लोकांना "फेका" म्हणणं सोडलं. "वन्सं, मीच मूर्ख," ती मला म्हणाली. "पोट रिकामं असलेल्या बाईला फेक म्हणते. ती कशी फेकेल? त्याचं दुसरं काहीतरी व्हायला पाहिजे." ते दुसरं काहीतरी तिला माहेरी सापडलं. तिथं बायका दाण्याच्या तेलाचा साबण करत होत्या. पुढच्या सुगीला तिनं आमच्या कामाच्या गटातल्या बायकांना गोळा केलं. खराब दाण्यांचं तेल काढायचं, साबण करायचा, बाजारात विकून तांदूळ आणायचा. पेंड जाळायची. शेंगा जमिनीवर वाळवायच्या नाहीत, बांबूच्या माचावर वाळवायच्या, पाऊस आला की झाकायच्या. या वेळी बायकांनी ऐकलं. साबण खपला. तांदूळ आला.

आता कुणाला वाटेल, झालं, सुटलं. कुठलं सुटतंय! निम्म्या बायका साबण करतात, आणि तेल काढून राहिलेली पेंड गुपचूप रश्श्यात घालतात. विष तर त्या पेंडीतच जास्त! वोन्तोला कळलं तेव्हा तिनं घराघरांत जाऊन भांडणं केली. "तुमची जीभ झडो," म्हणाली एकीला. ती म्हणाली, "तुझी झडली तर गावाला झोप तरी लागेल." माच बांधले ते दोन पावसाळ्यांत वाळवीनं खाल्ले, आणि नवे बांधायला पुरुषांना वेळ नाही. सोनाबाईची बदली झाली. तिच्या जागी आलेल्या माणसानं दवाखान्याच्या भिंतीवर बुरशीच्या दाण्याचं मोठं चित्र लावलंय, खाली इंग्रजी. वोन्तोनं त्याला विचारलं, "हे कुणासाठी?" तो म्हणाला, "जनजागृतीसाठी." आमच्या गावात इंग्रजी वाचणारा तो एकटाच.

देम्बोची गोळी कधी दवाखान्यात संपलेली असते, कधी देम्बोच विसरतो. गेल्या खेपेला वोन्तो त्याला ओढत फेरीबोटीवर घेऊन गेली. इस्पितळात पोचले तर पोट तपासायचं यंत्र बिघडलेलं. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. देम्बो खूश, वाटेत कलिंगड घेऊन खात आला. पुढच्या आठवड्यात तिनं परत नेला. यकृत ठीक निघालं. तो म्हणाला, "बघ, सांगत होतो ना, मला काही होत नाही." वोन्तो मला म्हणाली, "हा जगला तर म्हणणार काही झालंच नव्हतं, मेला तर म्हणणार हिच्या गोळ्यांनी मारला. माझं बरोबर होतं असं म्हणायला कुणी येणार नाही, वन्सं. जो आजारीच पडला नाही तो येऊन सांगतो का, तुझ्यामुळे वाचलो म्हणून?"

मध्यंतरी यांकुबाचा जुना कुस्तीतला जोडीदार, मलांग सोंको, आजारी पडला. तेच सगळं. उजवीकडे दुखणं, बारीक दंड, वाढलेलं पोट. आम्ही दोघी भेटायला गेलो. मलांग खाटेवर टेकून बसला होता. वोन्तोला बघून हसला. "आलीस? माझ्या भांड्यात डोकावणार असशील आता."

"तुमच्या भांड्याशी माझं काय काम, भाऊ? तुम्हाला बघायला आले."

त्याच्या बायकोनं, मंजिकीनं, आमच्यापुढे जेवणाचं मोठं भांडं ठेवलं. भातावर दोमोदा. मी पहिला घास घेतला आणि जिभेला कडवट लागलं. मी वोन्तोकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. मलांग तिच्याकडे बघत होता, मंजिकी हात पुसत बाजूला उभी होती. घरात होतं नव्हतं ते तिनं आमच्यासाठी रांधलं होतं. वोन्तोनं हात पुढे केला, घास घेतला, गिळला. मग दुसरा. मग तिसरा. "छान झालंय," म्हणाली.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "खाल्लंस तू?"

"मग काय करू?" ती माझ्यावरच ओरडली. "मरणाऱ्या माणसासमोर त्याच्या घरचा घास परत करू? आणि करून तरी काय, त्याचं यकृत परत येणार आहे? कुणावर ओरडू, सांगा ना! मंजिकीवर? ती काय मुद्दाम करतेय?" विहिरीपाशी थांबून तिनं चूळ भरली. चूळ भरून त्या विषाला काही होत नाही, हे तिच्याइतकं गावात कुणाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या निवडलेल्या दाण्यांची पिशवी आणि एक रिकामी टोपली घेऊन मंजिकीकडे गेली. मीही मागून गेले. म्हणाली, "हे घे, आणि तुझे मला दे. साबणाला पाहिजेत."

मंजिकीनं चांगली पिशवी घेतली, आत हात घालून बघितली, डोळे भरून आले तिचे. मग आत जाऊन आपलं पोतं घेऊन आली. वोन्तोनं पोत्याचं तोंड धरलं. पण मंजिकी सोडेना.

"अगं, सोड की."

"निम्मे ने," मंजिकी म्हणाली. "निम्मे राहू देत. पावसाळा यायचाय अजून. लेकरं आहेत."

"या दाण्यांनीच तुझ्या नवऱ्याला—" वोन्तो बोलता बोलता थांबली. आतून मलांगचं कण्हणं ऐकू येत होतं. दोघी पोत्याचं तोंड धरून उभ्या राहिल्या, एक इकडून, एक तिकडून. शेवटी वोन्तोनं आपली रिकामी टोपली पुढे केली. मंजिकीनं त्यात निम्मे ओतले आणि उरलेलं पोतं दोरीनं घट्ट बांधून आत नेलं.

वोन्तोनं टोपली डोक्यावर घेतली आणि घराकडे चालायला लागली. रस्ताभर ती शिव्या देत होती: बुरशीला, पावसाला, वखारवाल्याला, मुखियाला, देम्बोला, आणि मध्ये मध्ये मलासुद्धा.